रिकाम्या रकान्यात शून्य भरू नका

प्रति,
अमेरिकेतल्या बास्केटबॉल-चर्चांच्या कार्यक्रमांचे निर्माते व निवेदक, आणि त्यांच्या मागून हमरीतुमरीवर येणारे तमाम चाहते यांस,

स. न. वि. वि.

पुण्यातल्या एका निवृत्त माणसाचं पत्र तुम्ही का वाचावं, हा प्रश्न रास्त आहे. माझी ओळख एवढीच की चाळीसेक वर्षं मी बास्केटबॉलच्या मैदानाकडेला स्कोअररच्या टेबलावर बसलो. सामना संपला की खेळाडूंचे फोटो निघतात, कोणी कोणाला खांद्यावर घेतं, आणि आम्ही टेबलवाले उरलेल्या रकान्यांवर रेघ मारून रेफरींच्या सह्यांसाठी थांबलेलो असतो. चहा तोवर गार होतो. मोठेपण कशात असतं हे मला सांगता येणार नाही. पण ते कागदावर कसं उतरतं, आणि कसं उतरायचं राहून जातं, हे मी जवळून पाहिलंय.

माझा नातू न्यू जर्सीत असतो, वय वर्षं सोळा. तुमच्या कार्यक्रमांचे तुकडे तो मला व्हॉट्सअॅपवर पाठवतो. 'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम'चं तुमच्याकडे 'गोट' झालंय. मराठीत गोट म्हणजे छावणी. आमच्या भाषेला तुमचा कारभार आधीच कळला होता म्हणायचं. एक मायकेल जॉर्डनचा गोट, एक लेब्रॉन जेम्सचा, आणि मधल्या माळावर रोज सकाळी तोफा.

मध्यंतरी त्याने एक तक्ता पाठवला. पाच नावं, सगळी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या जुन्या-नव्या खेळाडूंची. 'फायनल्स एमव्हीपी' या ओळीत जॉर्डन ६, लेब्रॉन ४, करीम २, चेंबरलेन १, रसेल ०. खालच्या 'ब्लॉक'च्या, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेतच अडवण्याच्या, ओळीत करीम ३,१८९ आणि रसेल, चेंबरलेन या दोघांपुढे शून्य. तळाशी नातवाची टीप होती, "आजोबा, रसेल ओव्हररेटेड आहे."

हे पत्र त्या शून्यांबद्दल आहे.

बिल रसेल १९५६ साली बोस्टन सेल्टिक्स या संघाकडे आला आणि १९६९ साली थांबला. तेरा मोसम, अकरा अजिंक्यपदं. फायनल्समधल्या सर्वोत्तम खेळाडूला पुरस्कार द्यायला सुरुवात झाली ती १९६९ साली, म्हणजे त्याच्या अगदी शेवटच्या मालिकेत. तो पहिलावहिला पुरस्कारही मिळाला हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्टला. आधीची दहा विजेतेपदं झाली तेव्हा द्यायला पुरस्कारच नव्हता. २००९ पासून या पुरस्काराला रसेलचंच नाव आहे. लेब्रॉनच्या घरातले चारही करंडक बिल रसेलच्या नावाचे, आणि तुमच्या तक्त्यात त्याच रसेलपुढे भोपळा!

ब्लॉकची कथा याहून वाईट. ब्लॉक आणि स्टील (समोरच्याकडून चेंडू हिसकावणं) लीगने अधिकृतपणे मोजायला घेतले १९७३-७४च्या मोसमात. रसेलला निवृत्त होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, चेंबरलेन नुकताच थांबला होता. करीमचे स्वतःचे पहिले चार मोसमही त्या ३,१८९ मध्ये नाहीत. रसेलची तर कीर्तीच ब्लॉकवर उभी. चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घ्यायच्या, असला त्याचा खाक्या नव्हता. तो चेंडू हलकेच थोपवून आपल्याच माणसाच्या हातात जाईल असा ढकलायचा, आणि तिथून सेल्टिक्स पळत सुटायचे. ज्या एका गोष्टीसाठी प्रतिस्पर्धी त्याला घाबरत, तीच त्याच्या नावापुढे शून्य म्हणून छापली जाते.

आता टेबलावरचा माणूस म्हणून कबुली देतो. दोष तुमचा एकट्यांचा नाही. आमच्या फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, स्कोअरशीटवर आजही रिबाउंड, असिस्ट, ब्लॉक यांना जागा नाही. बास्केट झाली की धावत्या गुणसंख्येवर तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, तीन गुणांचा शॉट असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल. शिवाय फाऊल आणि टाइमआउट. संपलं. चेंडूसाठी फरशीवर अंग टाकणारा, स्क्रीन लावून दुसऱ्याला मोकळं करणारा पोरगा त्या कागदावर सापडलाच तर फाऊलच्या रकान्यात सापडतो.

१९८३ सालचा एक सामना माझ्या डोक्यातून जात नाही. एका बँकेच्या संघात एक डावखुरा होता. दिवसा काउंटरवर, संध्याकाळी मैदानावर. कोपऱ्यातून, जिथून तेव्हा कोणी शहाणा माणूस शॉट मारत नसे, तिथून तो मारायचा. बाकावरून त्याचे कोच ओरडायचे, "अरे आत जा, आत!" बरोबरच होतं त्यांचं. लांबून मारा की जवळून, गुण दोनच. फिबाने तीन गुणांची रेषा आणली १९८४ साली. ती आमच्या मैदानांवर रंगवली जाईतो याचा गुडघा गेला होता. त्या दिवशी त्याचे २२ गुण मी माझ्या हाताने लिहिले, सगळे सारख्याच तिरक्या रेघांत. त्यातले किती रेषेबाहेरचे ठरले असते? कागद गप्प आहे. हल्लीची पोरं मला विचारतात, तुमच्या वेळी कोणी शूटर होता का हो? मी नाव सांगतो, ते फोनमध्ये शोधतात, आणि काही सापडत नाही म्हणून माझ्याकडे कीव केल्यासारखं बघतात.

पुढे २००० साली फिबाच्या नियमांत दोन हाफ जाऊन चार क्वार्टर आले आणि शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची मुदत, तीस सेकंदांवरून चोविसावर आलं. २०१० साली रेषा सव्वासहा मीटरवरून पावणेसातवर सरकली आणि बास्केटखालचा पसरट पट्टा चौकोनी झाला. मी त्याच खुर्चीवर होतो, समोरचा खेळ तेवढा बदलत गेला. तुमच्याकडचे दोन्ही गोट नियमांचा दाखला देतातच, पण सोयीचा तेवढाच. जॉर्डनवाले म्हणतात, २००४ नंतर हाताने अडवायलाही बंदी झाली, आता कोणीही वीस-तीस गुण करतो. लेब्रॉनवाले म्हणतात, जॉर्डनच्या काळी झोन डिफेन्स (माणसाऐवजी जागा राखून केलेला बचाव) चालतच नव्हता, तो २००१ पासून खुला झाला. दोघंही खरं बोलतात. आपल्याकडे भाऊबंदकीच्या दाव्यांतही असंच असतं, प्रत्येकाच्या हातात खरी कागदपत्रं.

माझा स्वतःचा एक हिरो आहे, आणि त्याने एनबीएत एकही बास्केट मारलेली नाही. हार्वी पोलॅक. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या चॉकलेटच्या गावी विल्ट चेंबरलेनने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध शंभर गुण केले. प्रेक्षक ४,१२४. टीव्हीचा कॅमेरा एकही नाही. फिलाडेल्फिया वॉरिअर्सची आकडेवारी सांभाळणारे पोलॅक त्या रात्री दोन वृत्तसंस्था आणि एक वर्तमानपत्र यांच्यासाठी बातमीही लिहीत होते. सामन्यानंतर त्यांनी एका कागदावर '१००' असा आकडा खरडला आणि चेंबरलेनच्या हातात दिला. तो फोटो तुम्ही हजारदा दाखवला असेल. साऱ्या बास्केटबॉलमधला सगळ्यात मोठा विक्रम, आणि त्याचा आपल्या डोळ्यांपुढचा पुरावा म्हणजे एका टेबलवाल्याचं अक्षर. लीग जे मोजत नव्हती तेही हे गृहस्थ आपल्या वहीत टिपत. १९४६ सालच्या पहिल्या मोसमापासून २०१५ साली जाईपर्यंत ते याच कामात होते.

चित्रफीत नाही म्हणून तो विक्रमच खोटा, असं म्हणणारे महाभाग तुमच्या चाहत्यांत आहेत. उलट तो फोटो दाखवून "बघा, शंभर!" म्हणत जॉर्डन-लेब्रॉन दोघांना मोडीत काढणारेही आहेत. त्या मोसमात प्रत्येक संघ सामन्याला शंभराहून अधिक शॉट मारत होता. शेवटच्या मिनिटांत चेंडू चेंबरलेनकडे जाऊ नये म्हणून निक्स इतरांना फाऊल करत होते, आणि चेंडू लवकर परत मिळावा म्हणून वॉरिअर्सही निक्सना फाऊल करत होते. एरवी फ्री थ्रोत कायम कच्चा असलेल्या चेंबरलेनने त्या रात्री ३२ पैकी २८ टाकले. हे सगळं बाजूला ठेवलं की नुसता आकडा उरतो. आमच्याकडे बालगंधर्वांचं असंच झालं. ज्यांनी रात्र-रात्र थिएटरात बसून त्यांना ऐकलं ती पिढी गेली, आणि आमच्या हाती उरल्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या. त्यावरून कोणी म्हणतं दैवी, कोणी म्हणतं एवढं काय त्यात. तबकडी वाजवताना ती तीन मिनिटांची आहे, हे निदान माहीत असावं.

२०२२ साली तुमच्याच एका चर्चेत माजी खेळाडू जे. जे. रेडिकने ठोकून दिलं की पन्नास-साठच्या दशकातल्या सेल्टिक्सच्या बॉब कूझीला अडवणारे लोक प्लंबर आणि फायरमन होते. वाक्य चटकदार, त्यामुळे जगभर फिरलं. नातवानेही पाठवलं, हसऱ्या चेहऱ्यांसकट. (रेडिक पुढे लेकर्सचा मुख्य प्रशिक्षक झाला, म्हणजे लेब्रॉनचाच.) आता या प्लंबरांच्या काळाचं थोडं सांगतो. १९६१-६२ मध्ये लीगमध्ये संघ होते नऊ. कारकिर्दीत रसेल आणि चेंबरलेन शंभराहून अधिक वेळा एकमेकांसमोर उभे राहिले. दुबळा संघ गाठून आकडे फुगवायची चैन फारशी नव्हती, आज आहे तेवढी तर नाहीच. ऑक्टोबर १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला प्रदर्शनी सामन्यासाठी गेलेल्या सेल्टिक्सच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना हॉटेलात खायला द्यायला नकार मिळाला. रसेल आणि त्याचे सहकारी न खेळता घरी परतले. हे कुठल्या रकान्यात भरायचं? आणि ज्या कूझीची टिंगल झाली त्यानेच १९५४ साली खेळाडूंची संघटना उभी केली. पुढे तिचा अध्यक्ष असलेल्या ऑस्कर रॉबर्टसनने १९७० साली लीगविरुद्ध दावा लावला, १९७६ साली तो मिटला, आणि खेळाडूला संघ बदलण्याचा मार्ग मोकळा झाला. लेब्रॉनने २०१० साली क्लीव्हलँड सोडल्याचं टीव्हीवर जाहीर केलं, तेव्हा निष्ठेवरून त्याला झोडपणाऱ्यांनी हे आठवायला हरकत नव्हती. रसेलसारखे निष्ठावान होते हे खरंच, पण त्यांच्या काळी निष्ठेला पर्यायही फारसा नव्हता.

आता तुमच्या धंद्याकडे वळतो. राग मानू नका. जुन्यांचा मोठेपणा तुम्हाला हवा असतो तो नवीन माल विकायला, माप म्हणून. १९९२ साली हॅरॉल्ड मायनर नावाचा पोरगा मायामी हीट या संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत बाराव्या क्रमांकावर घेतला. त्याला म्हणायचे 'बेबी जॉर्डन'. डंक (उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबणं) अप्रतिम, दोनदा डंकची स्पर्धा जिंकला. चार मोसमांत सगळं संपलं. त्याच्या मागून कितीजण 'पुढचा जॉर्डन' झाले! तेव्हा खुद्द जॉर्डन खेळत होता, तरी पुढच्याची घाई. मग फेब्रुवारी २००२ मध्ये अॅक्रनच्या सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाला 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ने मुखपृष्ठावर घेऊन 'द चोझन वन' म्हणून टाकलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचा शाळेचा सामना साऱ्या देशात प्रक्षेपित झाला. तो मुलगा लेब्रॉन. एवढं ओझं डोक्यावर घेऊन तो वाकला नाही, याचंच मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. चार विजेतेपदं, ७ फेब्रुवारी २०२३ रोजी करीमच्या ३८,३८७ गुणांना मागे टाकणं, पुढच्या वर्षी चाळीस हजारांचा टप्पा. पण तो निभावला म्हणून तुमची खोड बरोबर ठरत नाही. मायनरच्या वेळीही तुम्ही तेवढ्याच खात्रीने बोलत होतात.

आणि आम्ही? आम्ही कोण मोठे निःपक्षपाती! भारतात घरोघरी उपग्रह वाहिन्या आल्या त्या १९९१ नंतर. त्यामुळे आमच्या पोरांनी एनबीए उघडली ती थेट जॉर्डनच्या पानावर. फॅशन स्ट्रीटवरचा लाल बनियन, पाठीवर २३, त्यावरचं स्पेलिंग बहुधा चुकलेलं. त्याआधी करीम नावाचा माणूस वीस वर्षं आकाशातून हूक टाकत होता, हे आमच्या गावीही नव्हतं. तुम्हाला तरी कुठे होतं? १९८० च्या फायनल्सचा सहावा सामना, ज्यात करीम जखमी म्हणून वीस वर्षांच्या मॅजिक जॉन्सनने सेंटरला उभं राहून ४२ गुण केले, तो अमेरिकेतल्या बऱ्याच भागात मध्यरात्रीच्या सुमारास, मागाहून दाखवला गेला. लोक झोपले होते. जे लोक जागे असताना घडतं तेच थोर, असा हा एकंदर हिशेब.

५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांचा सामना पाहायला मी पुण्याहून गेलो होतो. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, त्यामुळे आडनाव ऐकून उगाच छाती फुगली होती. रांगेत माझ्या पुढे दोन तरुण हातघाईवर आले होते. एकाच्या अंगावर बुल्सचा २३, दुसऱ्याच्या लेकर्सचा २३. नंबर एकच, भांडण कडाक्याचं. आत खेळणाऱ्या संघांपैकी एकातही दोघांचा देव नव्हता. पेसर्सनी तो सामना १३०-१०६ असा जिंकला आणि मध्यंतरालाही हे दोघं जॉर्डनच्या १९९८ च्या आणि लेब्रॉनच्या २०१६ च्या विजेतेपदांतच अडकलेले होते. तिकिटं स्वस्त नव्हती हो!

आणखी एक शून्य दाखवतो, हे पुरुषांच्या चर्चेत कधी येतच नाही. २०२४ साली आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने महाविद्यालयीन गुणांचे विक्रम मोडत नेले. फेब्रुवारीत बायकांमधला केल्सी प्लमचा ३,५२७ चा, मार्चमध्ये पुरुषांमधला पीट मॅराविचचा ३,६६७ चा. मॅराविचने ते तीन मोसमांत केले होते, तीन गुणांच्या रेषेशिवाय. क्लार्कला चार मोसम मिळाले आणि रेषाही. हे काही जणांनी सांगितलं, चांगलं केलं. पण प्लम आणि मॅराविच यांच्या आकड्यांच्या मध्ये कॅन्ससची लिनेट वुडर्ड होती. तिचे गुण ३,६४९, चार मोसमांत, १९८१ पर्यंत. रेषा तेव्हा नव्हतीच, आणि चेंडू पुरुषांचा मोठा चेंडू. बायकांसाठी लहान चेंडू आला तो पुढे १९८४ साली. तरी प्लमचा विक्रम मोडला तेव्हा तो अधिकृत, आणि वुडर्डचा आकडा त्या यादीत नव्हता. कारण ती खेळली तेव्हा एनसीएए ही महाविद्यालयीन खेळांची संस्था बायकांच्या स्पर्धा भरवतच नव्हती, त्या दुसरी संस्था भरवायची. घर बदललं आणि जुन्या घरातली भांडी मोजायची राहिली. क्लार्क थोर आहेच, तिची यात काहीच चूक नाही. पण चार-पाच दशकं एक आकडा दाराबाहेर उभा राहतो, आणि कोणीतरी तो मोडायला निघालं म्हणून तुम्ही दार किलकिलं करता.

मागणं फार नाही. वाद थांबवा असं मी म्हणणार नाही. वाद थांबले तर खेळ मेला समजा, आणि आमच्या कट्ट्यांवरही गावसकर की तेंडुलकर यावर पिढ्या खर्ची पडल्या आहेत. पण जिथे मोजलंच नाही तिथे शून्य छापू नका. एक आडवी रेघ मारा आणि 'मोजले नाही' असं लिहा. स्कोअरशीट भरताना आम्हीही तेच करतो, न वापरलेल्या रकान्यावर रेघ मारतो, म्हणजे मागाहून कोणी त्यात काही घुसडू नये. पुरस्कारांची ओळ दाखवताना पुरस्कार कुठल्या वर्षी सुरू झाला ते बाजूला बारीक अक्षरात टाका. आणि जुन्या सामन्यांचं जे काही चित्रण शिल्लक आहे ते बारा सेकंदांचे तुकडे न करता, अधेमधे तरी सलग दाखवा, कंटाळवाण्या भागासकट. चांगला बचाव बहुतेक वेळा त्या कंटाळवाण्या भागातच असतो.

चाहत्यांना वेगळं काय सांगू? तुमचा माणूस मोठा ठरवायला दुसऱ्याचा माणूस लहान करावा लागत असेल, तर निदान ज्याचं चित्रणही नाही असा बिचारा निवडू नका. त्याला उत्तर देता येत नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
टेबलावरचा एक स्कोअरर
पुणे

ता. क. : हे पत्र नातवाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ते ठीक, पण तुमचा नंबर एक कोण ते सांगाच. मी म्हटलं, एल्जिन बेलर. १९६१-६२ मध्ये हा लष्करी सेवेत वॉशिंग्टन राज्यातल्या तळावर अडकला होता. सुटी मिळेल तशी, बहुधा शनिवार-रविवारी, यायचा आणि लेकर्सकडून खेळायचा. ४८ सामने, सरासरी ३८.३. त्याच मोसमात फायनल्सला बोस्टनमध्ये एका सामन्यात ६१ गुण. सराव नाही, काही नाही, उतरायचं आणि खेळायचं. नातू थोडा वेळ गप्प होता. मग विचारलं, "अंगठ्या, म्हणजे विजेतेपदं, किती?" मी म्हटलं, "फायनल्स खेळून जिंकलेलं एकही नाही. आठ फायनल्स हरला." त्याने फोन आजीकडे द्यायला सांगितलं.